पावसाच्या मुलखातील कोरडे महिने

दुष्काळ हा शब्द गोमंतकाच्या संदर्भात सहसा उच्चारला जात नाही. तो उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे माण-खटाव, जत किंवा मराठवाडा येतो. १९७२ सालची खडी फोडण्याची कामे आणि ओस पडलेली गावे येतात. ज्या भूमीवर वर्षाकाठी सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तिच्याविषयी अवर्षणाची भाषा बोलणे पुष्कळांस अतिशयोक्तीचे वाटेल. तरीही पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतील डोंगरउतारावरची खेडी ज्यांनी माघ-फाल्गुनानंतर पाहिली आहेत, त्यांना आटलेल्या विहिरी, पडीक राहिलेली वायंगणाची शेते आणि टँकरच्या वाटेवर मांडून ठेवलेल्या घागरी काही नव्या नाहीत. पावसाची इतकी समृद्धी आणि पाण्याची इतकी टंचाई एकाच गावात, एकाच वर्षात कशी नांदते, हा प्रश्न शाळेतील भूगोलाच्या तासालाही सोडविता येण्याजोगा आहे. तो तसा सोडविला जावा, या हेतूने आम्ही येथे त्याची मांडणी करीत आहोत.

प्रथम वर्षाची विभागणी ध्यानात घेतली पाहिजे. गोव्याच्या एकूण पावसापैकी सुमारे नव्वद टक्के पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. आश्विनात परतीच्या पावसाच्या काही सरी येतात, वैशाखात वळवाचा पाऊस एखादे वेळी हजेरी लावतो. मधला कार्तिकापासून चैत्रापर्यंतचा काळ जवळजवळ निरभ्र असतो. म्हणजे येथील शेतकरी दरवर्षी सहा ते आठ महिने पावसावाचून काढतो. हवामानखात्याच्या व्याख्येप्रमाणे पावसाळ्यातील पाऊस सरासरीहून २६ टक्के किंवा अधिक घटला म्हणजे त्या विभागात अवर्षण झाले असे मानतात. ज्या महिन्यांची सरासरीच शून्याच्या जवळ आहे, त्यांना ही मोजपट्टी लागू पडत नाही. म्हणून गोव्याचा कोरडा हिवाळा दुष्काळाच्या नोंदीत सहसा शिरत नाही. परंतु शास्त्रज्ञ अवर्षणाचे आणखी दोन प्रकार सांगतात. नद्या, झरे व विहिरी यांतील पाणी नेहमीच्या पातळीखाली गेले तर ते जलीय अवर्षण. आणि पिकाला हवी त्या वेळी जमिनीत ओल उरली नाही तर ते शेतीचे अवर्षण. पेडणे-डिचोलीचा प्रश्न या दोन प्रकारांत मोडतो.

हा कोरडा काळ दरवर्षी सारखा नसतो, हेही सांगितले पाहिजे. २०२३ साली मान्सून केरळात ८ जूनला पोचला आणि गोव्यात ११ जूनला; त्या जूनच्या आरंभी राज्यातील धरणांचा साठा हा सर्वत्र चिंतेचा विषय झाला होता. उलट २०२५ मध्ये मान्सून २५ मे रोजीच गोव्यात दाखल झाला. दोन वर्षांच्या आगमनात सतरा दिवसांचे अंतर पडले. शहरात राहणाऱ्यास हे अंतर उकाड्याचे वाटते. ज्या विहिरीच्या तळाशी हातभर पाणी उरले आहे, तिच्या मालकास ते निराळे वाटते. परतीचा पाऊस लवकर थांबला, वळवाने पाठ फिरविली आणि मृगही कोरडा गेला, तर सहा महिन्यांचा उन्हाळा आठ महिन्यांचा होतो. आम्ही ज्यास लांबलेले अवर्षण म्हणतो, ते हेच.

आता हे आठ महिने निभावून नेण्याची निसर्गाने कोणती व्यवस्था केली आहे, ते पाहू. या दोन्ही तालुक्यांचा बराच भाग जांभ्या दगडाच्या सड्यांनी व्यापलेला आहे. वरून पाहणाऱ्यास सडा म्हणजे ओसाड माळ वाटतो. पावसाळ्यात त्यावर गवत आणि रानफुले येतात, पुढे सारे करपून जाते. परंतु जांभा हा सच्छिद्र दगड आहे. आषाढ-श्रावणात पडलेले पाणी त्याच्या भोकांतून आणि भेगांतून खाली उतरते. जांभ्याच्या खाली चिकण मातीचा थर असतो, त्यातून पाणी सहज झिरपत नाही. ते या थरावर साठते, हळूहळू उताराच्या दिशेने सरकते आणि सड्याच्या पायथ्याशी, जेथे हा थर उघडा पडतो तेथे, झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. पावसाळ्यात मुरलेले पाणी पौषात किंवा चैत्रात झऱ्याच्या तोंडाशी पोचते. या अर्थाने सडा ही गावाची पाण्याची कोठी आहे. कुळागरे दरीत आणि पायथ्याशी का वसली, जुनी वस्ती सड्यावर न होता उताराखाली का झाली, याचे उत्तर या एका गोष्टीत आहे.

गावांची नावेही या व्यवस्थेची साक्ष देतात. पेडण्यात नागझर आहे, वझरी आहे. झर आणि वझर हे दोन्ही शब्द वाहत्या अथवा उसळत्या पाण्याचे आहेत. हरमलजवळ अगदी समुद्राला लागून गोड्या पाण्याचे तळे आहे. खाऱ्या लाटांपासून थोड्याच अंतरावर गोडे पाणी टिकून राहते, ते पाठीमागच्या डोंगरातून येणाऱ्या झऱ्याच्या बळावर. डिचोलीतील हरवळ्याचा धबधबा पावसाळ्यात कोसळतो आणि हिवाळ्यात बारीक होतो. तो किती बारीक झाला यावरून वरच्या डोंगरातील साठ्याची कल्पना करता येते.

निसर्गाच्या या कोठीवर मनुष्याने आपली शेती बेतली. गोमंतकातील भातजमिनीचे स्थूलमानाने तीन प्रकार मानतात. उतारावरची मोरड जमीन केवळ पावसाच्या पाण्यावर पिकते. किनाऱ्याकडची रेताड केर जमीन पावसाळ्यात भात देते आणि हिवाळ्यात विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला. तिसरी खाजन जमीन. ती नदीच्या मुखाकडे, भरतीच्या रेषेखाली असून बांध व मानस यांच्या योगे खाऱ्या पाण्यापासून राखलेली असते. पावसाळी पिकास सरद म्हणतात, आणि जेथे झऱ्याचे अथवा व्हाळाचे पाणी पाटाने आणता येते तेथे हिवाळ्यात दुसरे पीक घेतात, ते वायंगण. मार्गशीर्षाच्या सुमारास लावणी आणि फाल्गुन-चैत्रात कापणी, असा त्याचा क्रम. जेथे वायंगणास पुरेल इतके पाणी नसते, तेथे सरदाच्या कापणीनंतर उरलेल्या ओलीवर अळसांदे, कुळीथ अशी कडधान्ये पेरतात. पेडण्याच्या किनारपट्टीवर मिरची, वांगी, तांबडी भाजी, कांदा यांचे मळे याच दिवसांत फुलतात. हरमलच्या मिरचीची ख्याती सर्वत्र आहे.

या दुसऱ्या पिकासाठी पाणी अडविणे हे कार्तिकातील गावकीचे काम असे. पावसाळा ओसरला की गावकरी एकत्र येऊन व्हाळावर दगड, माती आणि फांद्या यांचा बांध घालीत. ज्येष्ठात पहिला पूर आला की तो वाहून जाई, आणि पुढील वर्षी पुन्हा घातला जाई. पाटाचे पाणी कोणाच्या शेतास कोणत्या दिवशी जावयाचे याचे नियम ठरलेले असत. पुढे या कच्च्या बांधांच्या जागी पक्के बंधारे आले. वसंत बंधारा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बंधाऱ्यास खाचा असतात. पावसाळा संपताच त्यांत फळ्या बसवून पाणी अडवावयाचे आणि मान्सूनपूर्वी त्या काढावयाच्या, अशी रीत आहे. येथे एक बारकावा सांगणे अवश्य आहे. व्हाळाचा प्रवाह आश्विन-कार्तिकात दिवसेंदिवस घटत असतो. फळ्या पंधरा दिवस उशिरा बसल्या, तर त्या पंधरवड्यात वाहून गेलेले पाणी पुढे कितीही खटपट केली तरी परत मिळत नाही. बंधारा बांधण्यास पैसा लागतो. फळ्या वेळेवर बसविण्यास गाव लागते.

१९६४ च्या कूळ कायद्याने जमीन कसणाऱ्यास हक्क मिळाले, ही न्यायाची गोष्ट झाली. मात्र त्याबरोबर बांध-पाटांची देखभाल गावकारी व भाटकार यांच्या हातून निघून कुळांच्या संघटनांकडे आली. जेथे संघटना जागरूक राहिल्या तेथे काम चालले. अनेक ठिकाणी हक्क वाटले गेले आणि कर्तव्य कोणाचेच उरले नाही. शेतमजुरी वाढली, तरुण नोकरीस गेले, एका शेजाऱ्याने वायंगण सोडले की पाटाच्या शेवटी असलेल्या दुसऱ्यास पाणी पोचेनासे झाले, आणि त्यानेही शेत पडीक टाकले. पडीक शेतात पाणी जिरणे कमी होते, त्यामुळे खालच्या विहिरींची पातळी उतरते. अवर्षणाचा परिणाम म्हणून पडीक पडलेले शेत पुढील वर्षीच्या अवर्षणाचे कारण बनते.

कोरडा हिवाळा सर्वस्वी अनिष्ट आहे, असे मात्र समजू नये. काजूस आणि आंब्यास मोहोर येण्याच्या दिवसांत कोरडी, थंड आणि निरभ्र हवा हितकर असते. पौष-माघात ढग आले अथवा अवकाळी सर पडली, तर मोहोर काळा पडून गळतो. डिचोलीच्या डोंगरावर काजूवर पोट भरणाऱ्या कुटुंबास हिवाळ्यातील पाऊस संकटच वाटतो. पेडण्यात आगरवाड्याच्या मिठागरांचे पीक तर उन्हाचेच. तेथे एका अवकाळी पावसाने साचलेले मीठ विरघळून जाते. येथील जीवनक्रम कोरड्या महिन्यांशी जुळवून घेतलेला होता. त्याला पाऊस नको होता, साठलेले पाणी हवे होते. संकट उद्भवते ते ही कोठी रिकामी होऊ लागली म्हणजे.

कोठी रिकामी होण्याची कारणे दोन्ही तालुक्यांत निरनिराळी आहेत. डिचोलीत लोहखनिजाच्या खाणी आहेत. १९५० नंतरच्या दशकांत त्यांचा विस्तार झाला, आणि वरचे खनिज संपत गेले तसतशा त्या भूजलाच्या पातळीखाली उतरल्या. भूशास्त्रज्ञांच्या मते या पट्ट्यात पाण्याचे दोन साठे आहेत: एक वरच्या जांभ्यात, दुसरा खोलवर भुसभुशीत खनिजाच्या थरातच. म्हणजे ज्या थरात खनिज आहे त्याच थरात पाणी आहे. खनिज काढावयाचे तर खड्ड्यातील पाणी रात्रंदिवस उपसावे लागते, आणि उपसा होताच भोवतालचे पाणी खड्ड्याकडे धाव घेते. उतारावरच्या झऱ्यांची दिशा पालटते. विहिरी पौषातच तळ दाखवू लागतात. शिरगावच्या ग्रामस्थांनी आपल्या विहिरी व झरे आटल्याचे गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत नेले होते. उपसलेल्या पाण्याबरोबर आणि पावसाळ्यात ढिगाऱ्यांवरून वाहून आलेला गाळ व्हाळांत व शेतांत साचला, हा दुसरा परिणाम. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा हे प्रचंड खड्डे पाण्याने भरले. टंचाईच्या काळात त्यांतील पाणी उपसून नदीत सोडावे आणि पाणीपुरवठ्यास जोड द्यावी, असे उपाय सरकारने योजिले. ज्या पाण्याने एके काळी शेकडो झरे वाहावयाचे, ते आता एका खड्ड्यात एकवटले आहे, आणि ते गावास द्यावयाचे तर पंप लागतो. लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात खाणकाम पुन्हा सुरू झाले. त्यामुळे उपशाचा प्रश्नही पुन्हा उभा राहिला आहे.

पेडण्याचा प्रश्न सड्याचा आहे. मोपाच्या सड्यावरील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथे विमाने उतरू लागली. त्यापूर्वी सड्याभोवतीच्या झऱ्यांचा आणि झाडांचा प्रश्न न्यायालयात मांडला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये पर्यावरण मंजुरी स्थगित करून फेरविचार करावयास लावला आणि जानेवारी २०२० मध्ये अटी घालून मार्ग मोकळा केला. विमानतळ हवा की नको, हा या लेखाचा विषय नव्हे. आम्हास एवढेच दाखवावयाचे आहे, की सड्याचा जेवढा भाग डांबर, काँक्रीट आणि छपरे यांखाली जातो, तेवढ्यावरचे पाणी मुरण्याऐवजी नाल्यावाटे समुद्राकडे जाते. त्या पाण्यास पुन्हा जमिनीत मुरविण्याची योजना जितकी कसोशीने होईल, तितके खालचे झरे टिकतील. चिऱ्यांच्या खाणी, सपाट केलेले माळ आणि नवीन वसाहती यांना हेच लागू आहे. सडा ओसाड आहे, म्हणून तो निरुपयोगी आहे, ही समजूत या साऱ्याच्या मुळाशी आहे.

किनाऱ्याकडे आणखी एक परिणाम दिसतो. तेरेखोल, शापोरा आणि मांडवी या तिन्ही नद्यांत भरतीचे पाणी आतवर शिरते. मांडवीत ते सुमारे पन्नास किलोमीटरपर्यंत जाणवते. पावसाळ्यात वरून येणारा गोड्या पाण्याचा लोंढा खाऱ्या पाण्यास मागे रेटतो. हिवाळ्यात झरे क्षीण झाले की नदीचा हा रेटा संपतो आणि खारेपणा हळूहळू वर सरकतो. अशा वेळी खाजनाचा बांध फुटका असेल अथवा मानशीची दारे नादुरुस्त असतील, तर खारे पाणी शेतात शिरते. नदीकाठच्या विहिरींचे पाणी मचूळ होते. डोंगरातील झरा आणि खाडीकाठची विहीर यांचे नाते असे दूरचे वाटले तरी घट्ट आहे.

यावर नळाचे पाणी हा आजचा उपाय आहे, आणि त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पेडण्याचा पाणीपुरवठा मुख्यत्वे चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पावर अवलंबून आहे. डिचोलीत आमठाण्याचे धरण आहे. महाराष्ट्र व गोवा यांच्यात १९९० साली झालेल्या करारानुसार तिळारीचा संयुक्त प्रकल्प उभा राहिला आणि त्याचे कालवे पेडणे, डिचोली व बार्देश या तालुक्यांस पोचले. परंतु धरण दोडामार्ग तालुक्यात आहे. कालवा दूरवर कोठे फुटला तरी येथील नळ कोरडे पडतात. वाळवंटीचा एक प्रवाह महाराष्ट्रातील विर्डीकडून येतो, आणि म्हादई जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यात महाराष्ट्रास १.३३ अब्ज घनफूट व कर्नाटकास १३.४२ अब्ज घनफूट पाणी दिले आहे. म्हणजे या गावांचे हिवाळ्यातील पाणी उत्तरोत्तर दुसऱ्याच्या हाती जात आहे. जे दुसऱ्याच्या हाती आहे त्यासाठी भांडावे हे योग्यच; परंतु जे गावाच्या सड्यात आहे त्याची निगा राखण्यास कोणत्याही लवादाची संमती लागत नाही. नळ आला आणि झऱ्याचा गाळ काढणे थांबले, असे अनेक गावांत घडले आहे. मग ज्या दिवशी नळ बंद पडतो, त्या दिवशी झराही बुजलेला असतो.

अवर्षणाचा आणखी एक परिणाम अकादमीच्या सभासदांना विशेष जाणवावा. कोरडे महिने हेच गोमंतकाच्या खेड्यातील उत्सवांचे महिने आहेत. कार्तिकापासून पेडण्यात जत्रा आणि दशावतारी काले सुरू होतात. वैशाख शुद्ध पंचमीस, विहिरींना सर्वांत कमी पाणी असते अशा दिवसांत, शिरगावला लईराईची जत्रा भरते. तिचे व्रतस्थ धोंड आपापल्या गावी झरी, तळी अथवा विहीर यांच्या आश्रयाने सोवळे पाळतात आणि शिरगावी तळीत स्नान करून पुढील विधीस जातात. पाण्यावाचून हे व्रत पाळता येत नाही. ज्या गावाचे पाणी भर वैशाखात टिकत होते, त्याच गावात हा आचार रूढ होऊ शकला, एवढे तर्काने म्हणावयास हरकत नाही.

भाषेचेही तसेच आहे. वायंगण, सरद, मोरड, केर, खाजन, मानस, पाट, व्हाळ, कोंड, झर, कुळागर हे शब्द एका पूर्ण व्यवस्थेची परिभाषा आहेत. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीच्या आणि दोनापावलजवळच्या वायंगिणीच्या नावात दुसऱ्या पिकाचा हा शब्द आजही ऐकू येतो. तो का ऐकू येतो हे सांगणारे मात्र कमी होत आहेत. शेत पडीक पडले की पहिल्या पिढीत काम जाते, दुसऱ्या पिढीत शब्द जातो. कोश त्या शब्दाचा अर्थ जपून ठेवील. पाणी कोणत्या दिवशी कोणाच्या शेतास जावयाचे, हे कोशात सापडणार नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे, आणि ती मुख्यत्वे शिक्षकांस उद्देशून आहे. प्रत्येक शाळेने आपल्या गावातील दोन विहिरी निवडाव्यात. कार्तिकी पौर्णिमेपासून मान्सून येईपर्यंत, दर पंधरा दिवसांनी, दोरीला गाठी मारून पाण्याची खोली मोजावी आणि वहीत तारखेसह लिहावी. गावातील झऱ्यांची नावे, त्यांचे ठिकाण आणि ते कोणत्या महिन्यापर्यंत वाहतात याची यादी करावी. बंधाऱ्याच्या फळ्या कोणत्या तारखेस बसल्या, हेही लिहावे. वायंगणाची कोणती शेते पिकली व कोणती पडीक राहिली, त्यांना गाव कोणत्या नावाने ओळखते, हे वडीलधाऱ्यांस विचारून नोंदवावे. या कामास वही, दोरी आणि चिकाटी एवढेच साहित्य लागते. एका वर्षाच्या नोंदीने काही सिद्ध होणार नाही. पाच-सहा वर्षांच्या नोंदींवरून मात्र पाणी कोठे आणि केव्हापासून कमी होत आहे, हे ग्रामसभेपुढे आणि गरज पडल्यास न्यायालयापुढेही मांडता येईल. आजवर अशा गावांजवळ आठवणी होत्या, आकडे नव्हते. आणि आठवणींना कोणी पुरावा मानीत नाही.